ओट्यावरची बाटली

पहाटे साडेपाचला तलावाच्या मधोमध नाव आली की आमचे नावाडीमामा वल्ही आत घेतात आणि म्हणतात, "ताई, हळू. झोपलंय अजून." झोपलंय म्हणजे पाणी. माणूस साठीचा, मिशा पांढऱ्या झालेल्या, आणि बोलणं हे असं. पण खरं सांगू का, त्या वेळी मलाही तसंच वाटतं. धुकं इतकं खाली उतरलेलं असतं की नाव पाण्यावर आहे की धुक्यात टांगलीय ते कळत नाही. काठावरचे दिवे दिसत नाहीत, त्यांचे नुसते पिवळे डाग दिसतात. मी दोरीला बांधलेला डबा खाली सोडते, दोरी तळहातावरून सरकत राहते, आणि दर वेळी वाटतं की आज तळ लागणारच नाही. मग लागतो. मामा जांभई देतात.

मी पाणी तपासते. पालिकेच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं झाली. लोकांना सांगितलं की विचारतात, "प्यायचं का?" नाही हो, माशांचं. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, तो किती ते मोजायचं. एका लिटरला चार-पाच मिलिग्रॅम. चिमूटसुद्धा होत नाही. पण तेवढ्यावर अख्खा तलाव जगतो. हे सांगितलं की लोक "हो का?" म्हणतात आणि विषय बदलतात. बदलू देत. मला काही त्यांची पोरगी करून घ्यायची नाही.

हे काम मला अण्णांनी शिकवलं. अण्णा म्हणजे माझे वडील. याच तलावाचं पाणी त्यांनी चौतीस वर्षं मोजलं, आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांचं स्टूल, त्यांची काचेची भांडी आणि त्यांचा नावाडी, सगळं माझ्याकडे आलं. लहानपणी ते मला नावेत घेऊन जायचे. मी अर्धवट झोपेत त्यांच्या कोटात गुंडाळलेली, आणि ते हलक्या आवाजात बोलत असायचे, माझ्याशी की पाण्याशी देव जाणे. "दिवसा शेवाळ उजेड खातं आणि प्राणवायू सोडतं. रात्री उजेड नाही, पण श्वास सगळेच घेतात. मासे घेतात, शेवाळ घेतं, तळातला चिखलसुद्धा घेतो. म्हणून पहाटे जे उरतं ना, ते खरं. दुपारचं पाणी नुसत्या बढाया मारतं." मला ते गोष्टीसारखं वाटायचं. पुष्कळ वर्षं मी समजत होते की रात्री तलाव छातीवर हात ठेवून झोपतो.

मोजायची रीत जुनीच आहे. बाटली अशी भरायची की बुचाखाली मोहरीएवढासुद्धा बुडबुडा राहता कामा नये. मग तिथंच, नावेतच, दोन औषधं घालायची. पाण्यात प्राणवायू असेल तर आत तपकिरी ढग तयार होतो आणि हळूहळू खाली बसतो. नसेल तर ढग पांढरा. बाटली उलटीसुलटी करायची, बसू द्यायची, पुन्हा उलटीसुलटी करायची. या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागतात. एकदा ढग बसला की प्राणवायू त्यात अडकला, आता बाटली प्रयोगशाळेत दोन तासांनी नेली तरी चालते. पण औषधाआधी एक मिनिटसुद्धा फुकट घालवायचं नाही. "बाटलीत कोंडलं म्हणून पाणी श्वास घ्यायचं थांबत नाही," अण्णा म्हणायचे. "आहे तेवढा आतल्या आत संपवून टाकतं."

आणखी एक गोष्ट त्यांनी मला दाखवली होती. कुणा एका माणसाची जुनी नोंदवही. महिनाभर पाच पूर्णांक दोन, पाच पूर्णांक दोन, पाच पूर्णांक दोन. "काय दिसतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "छान आहे की पाणी." त्यांनी माझ्या डोक्यात हलकी टपली मारली. "अगं, पाणी एकच आकडा दोनदा देत नाही. एकसारखे आकडे दिसले की समजायचं, हा माणूस घरी बसून लिहीत होता." त्यांनी स्वतः चौतीस वर्षांत एकही आकडा घरी बसून लिहिला नाही. ताप असला तरी नावेत जायचे. आई चिडायची, "त्या तलावाशीच लग्न करायचं होतंत." ते म्हणायचे, "विचारलं होतं, त्यानं नाही म्हटलं."

तर असे अण्णा गेल्या वर्षी आजारी पडले. फुप्फुसं थकली, असं डॉक्टर म्हणाले. घरात एक मशीन आलं, ते हवेतून प्राणवायू काढतं आणि नळीतून नाकात सोडतं. दिवसरात्र त्याची घरघर चालू असते. बोटाला लावायचा एक चिमटा आला, त्यावर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा दिसतो. नव्वदच्या आसपास असला तर ठीक, पंच्याऐंशीच्या खाली गेला तर फोन करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर पाण्याचा प्राणवायू मोजला, आता घरीही तेच.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. भाऊ लांब असतो, दर रविवारी फोन करून "काळजी घ्या" म्हणतो. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! अण्णांचा त्रास पहाटेचा. झोपेत नळी नाकातून निसटते, धाप लागली की त्यांच्या हातांत तिला वर ओढायचं बळ उरत नाही, आणि सहा-साडेसहाला ते धापा टाकत जागे होतात. मग त्यांना उठवून बसवायचं, पाठीला दोन उशा, नळी नीट करायची, वाफेचं औषध द्यायचं. तासाभरात गडी माणसात येतो. इतर दिवशी मी घरातच असते. पण मंगळवारी आणि शुक्रवारी मी पाचला निघते.

म्हणून मी काय केलं, ते आता सांगते. बाटली भरायची, बूच घट्ट लावायचं, काळ्या पिशवीत टाकायची आणि नाव काठाला लागली की तडक घरी. घर तलावाच्या काठावरच आहे, पाच मिनिटांचं अंतर. औषधं मग प्रयोगशाळेत गेल्यावर घालायची. ती पंचवीस मिनिटं मला नावेत घालवणं परवडत नव्हतं. बूच घट्ट आहे, तासाभरात असं काय आभाळ कोसळणार आहे, असं मी मला सांगितलं. तो एक तास दीड कधी झाला, दोन कधी झाले, आणि अण्णांचं बिघडत गेलं तसे तीन कधी झाले, माझ्या ध्यानातही आलं नाही. आपण आपल्याला जे सांगतो ते आपण फार चटकन ऐकतो.

प्रयोगशाळेत मीटर आहे, हो. पाण्यात बुडवला की दोन मिनिटांत आकडा देतो. पण त्याच्या टोकाला एक पातळ पडदा असतो, तो फाटला, आणि नवा पडदा "आजच निघालाय" असं सात महिने ऐकतेय. निघालाय तो चालत निघालाय बहुतेक.

आणि तलावाचे आकडे उतरायला लागले. उन्हाळ्यात चार पूर्णांक एक. मग तीन पूर्णांक सहा. मग दोन पूर्णांक नऊ. तिकडे अण्णांचा सकाळचा आकडा, नव्वद, अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी. दोन वह्या मी शेजारी शेजारी ठेवायचे, एक पाण्याची, एक अण्णांची, आणि दोन्हींवरून बोट फिरवलं की बोट एकाच उताराने खाली यायचं. मी विज्ञानाची बाई, पण माझ्या मनात बसलं ते बसलं. हे दोघं एकमेकांना धरून बुडताहेत. तलाव गेला की अण्णा जाणार. पहाटे नावेत बसून मी पाण्याला अक्षरशः विनवायचे, "बाबा रे, श्वास घे."

दिवसा मात्र विनवणी वगैरे काही नाही, दिवसा मी भांडायचे. वरच्या अंगाला कपडे धुणाऱ्यांची लाँड्री आहे, तिथं जाऊन भांडले. बदकं पाळणाऱ्या म्हाताऱ्याशी भांडले. काठावर गाड्या धुणाऱ्यांना इतकं सुनावलं की ते मला लांबून बघून नळ बंद करायला लागले. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पण तेव्हा मला माझा राग फार खरा वाटत होता.

मग पालिकेचा हुकूम आला. आमच्या मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, तो माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. तीन महिने सलग चारच्या खाली. तलाव मृत समजण्यात येत आहे. महिनाअखेर पाणी उपसून जागा भरावासाठी घेण्यात येईल. खाली आकड्यांचा तक्ता आणि प्रत्येक आकड्यासमोर माझी सही.

मी घरी आले आणि भांडी आपटायला सुरुवात केली. अण्णा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. त्या खिडकीतून तलाव दिसतो. मी लाँड्रीला शिव्या घातल्या, बदकांना घातल्या, पालिकेला तर भरभरून घातल्या. मशीन घरघरतंय. मग अण्णा म्हणाले, "घाईबाई." लहानपणापासून मला तेच म्हणतात. "जरा बस."

"बसायला वेळ आहे का इथं कुणाला?"

"बाटली तू कुठं ठेवतेस गं? सकाळी आल्यावर?"

"ओट्यावर. का?"

"शेगडीशेजारी."

"जागा कुठाय दुसरी?" मी म्हटलं, आणि हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले.

अण्णा श्वास घेऊन घेऊन बोलत होते. "मंगळवारी आणि शुक्रवारी मला आवाज येतो. तू पिशवी ठेवतेस, आत काचेचं बूच काचेला लागतं. बारीक किणकिण. चौतीस वर्षं ऐकलाय तो आवाज. मग तू मला बसवतेस, वाफ देतेस, आणि ती बाटली तिथं. तासभर. दोन तास. आणि तिच्यात शेवाळ आहे, चिखलाचा कण आहे, अंधार आहे, शेगडीची ऊब आहे. सगळे श्वास घेताहेत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी ओट्याला टेकले. तलाव बुडतच नव्हता. अण्णांचं जितकं बिघडत होतं तितकी मी जास्त वेळ घरात थांबत होते, आणि जितकी मी थांबत होते तितकं बाटलीतलं पाणी कोंडून मरत होतं. दोन वह्यांचा तो एकच उतार माझ्या या ओट्यावरून गेला होता.

मग मला राग आला. माझाच, पण निघाला त्यांच्यावर. "तुम्हाला माहीत होतं? किती दिवस? मग बोलला का नाहीत? तुम्ही? दुसरं कुणी असतं तर समजले असते!"

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग?"

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "बोललो असतो तर तू नावेत थांबली असतीस. मी एकटा राहिलो असतो." एक श्वास घेऊन म्हणाले, "सकाळी मला भीती वाटते गं. तू दार ओढून घेतेस तेव्हापासून मी जागा असतो. डोळे मिटून पडतो. कधी डोळा लागला तर एकच स्वप्न पडतं. मी तलावाच्या तळाशी बसलोय. वर नावेचं बूड दिसतंय, आणि त्यात तू आहेस. मी बाटली उलटी धरून वर बघतोय, एखादा बुडबुडा सापडेल म्हणून. मग बूच वाजतं आणि मला कळतं की तू आलीस."

मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी रडले. पातेलं खाली ठेवायचंसुद्धा सुचलं नाही.

"मी चोर आहे तलावाचा," अण्णा म्हणाले. "दर खेपेला थोडा थोडा श्वास घेतला त्याचा."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या वाईट नाहीत, पण नियम म्हणजे नियम. "हे लेखी द्याल?"

"देते."

"तुमच्या नावावर ठपका येईल."

"येऊ दे."

"मी एकदाच पुन्हा तपासणी मागू शकते. शुक्रवारी. तीन बाटल्या, औषधं नावेतच, आणि तिथून सरळ इथं यायचं. मध्ये कुठंही थांबायचं नाही. पुढचं माझ्या डोळ्यांसमोर. चारच्या वर आला तर हुकूम रद्द. खाली आला तर..." त्यांनी हात उचलून खाली सोडला. "आणि बाई, चुकीच्या पद्धतीने घेतलं म्हणून ते आकडे कमी आले असं तुम्ही म्हणताय. खरंच कमी असेल तर?"

हे माझ्याही मनात होतंच. चूक माझी असली म्हणून तलाव धडधाकट आहे असं थोडंच!

शुक्रवारचं गणित सरळ होतं. पाचला निघायचं, सव्वासहाला काठावर, पंचेचाळीस मिनिटं बस, मग प्रयोगशाळा, परतीची बस. साडेनऊ. साडेचार तास अण्णा एकटे. मी म्हटलं, शेजारच्या काकूंना बसवते. अण्णांनी दोन्ही हात जोडले. "नको. त्या बाईंच्या बोलण्यात मला श्वास घ्यायला फट सापडत नाही."

"मग मी नावाडीमामांच्या मुलीला..."

"कुणी नको. मी काय कुकुलं बाळ आहे? ती वही दे इकडे. दर अर्ध्या तासाला चिमटा लावीन आणि आकडा लिहीन. चौतीस वर्षं पाण्याची नोंद ठेवली, स्वतःची ठेवता येत नाही होय?"

"पंच्याऐंशीच्या खाली गेला तर फोन करायचा. लगेच. शपथ घ्या."

"शपथा कसल्या! वहीत लिहितोय म्हटलं ना."

ते खरंच होतं. अण्णांनी वहीत लिहिलं म्हणजे ते घडलं. मी वही, पेन, चिमटा आणि फोन त्यांच्या उशाशी ठेवला, नळी कानांमागून नीट अडकवली, दोनदा परत येऊन पुन्हा तपासली. "साडेनऊपर्यंत येते," मी दारातून म्हटलं. ते म्हणाले, "जा आता. पाणी उठेल."

त्या पहाटे धुकं इतकं दाट होतं की मामांचा चेहराही मला दिसत नव्हता, फक्त वल्ह्यांचा आवाज येत होता. मधोमध आल्यावर ते थांबले. वल्ही आत घेतली आणि बाटलीकडे वाकले. त्यांचीही नाव याच पाण्यावर चालते. मी डबा सोडला, वर घेतला, डब्याची नळी बाटलीच्या तळाशी टेकवली, पाणी भरून वाहू दिलं, बूच तिरकं धरून लावलं. बुडबुडा नाही. बूच उघडून पहिलं औषध. दुसरं औषध. आणि मी डोळे मिटून घेतले. तेवीस वर्षांची अनुभवी बाई मी, आणि निकालाच्या दिवशीच्या पोरीसारखी डोळे मिटून बसले.

"ताई," मामा म्हणाले. "बघा की."

बाटलीत ढग उतरत होता. आधी वाटलं पांढराच, धुक्यामुळे असेल. मग त्याच्या कडेला रंग आला, मग पोटात आला, आणि तो सावकाश फिरत फिरत खाली आला. तपकिरी. चांगला दाट, ओल्या मातीसारखा. मी बाटली उलटी केली, सुलटी केली, तो विस्कटला, पुन्हा जमला. मला वाटलं मी अण्णांच्या कोटात गुंडाळलेली आहे आणि ते माझ्या कानाशी काहीतरी सांगताहेत. तिन्ही बाटल्यांत तोच रंग. मामांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

काठावर उतरल्यावर माझ्या घराची खिडकी दिसली. दिवा चालू होता. पाच मिनिटांवर. माझे पाय तिकडे वळले, खोटं कशाला बोलू. मी फोन काढून पाहिला. काही नाही. मग बस आली आणि मी चढले, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

प्रयोगशाळेत मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. आम्ल घातल्यावर ढग विरघळला आणि पाणी सोनेरी झालं. उभ्या काचेच्या नळीतून रंग उतरवणारं औषध मी थेंब थेंब सोडायला लागले. सोनेरी फिकट झालं, वाळक्या गवताच्या काडीसारखं झालं. मग स्टार्च घातला, तर सगळं गडद निळं. आता हे निळं ज्या थेंबाला जाईल तिथं थांबायचं, आणि तोवर जितके मिलिलिटर गेले तितका प्राणवायू. थेंब. हलव. थेंब. हलव. तीनची रेघ गेली, निळं होतंच. साडेतीन गेलं. मॅडम वाकल्या. चारची रेघ आली आणि गेली, आणि निळं अजून होतं. मी असा रंग आयुष्यात पाहिला नव्हता, म्हणजे हजारदा पाहिला होता, पण असा नाही. चार पूर्णांक सहाला तो गेला. बाटली स्वच्छ.

दुसरी चार पूर्णांक सात. तिसरी पुन्हा चार पूर्णांक सहा. "पाण्यानं दिलाय दोनदा," मी मॅडमना सांगितलं, त्यांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी सही केली, मी सही केली. "जा घरी," त्या म्हणाल्या. मी जिन्यावरून धावतच सुटले, आणि परतीची बस नेमकी दारात उभी.

घरात शिरले तेव्हा मशीन घरघरत होतं. अण्णा उशीवर कलंडले होते, डोळे अर्धवट मिटलेले. वही पांघरुणावर उघडी होती. मी आधी वहीच पाहिली, सवय म्हणा. सहा वाजता, एक्क्याण्णव. साडेसहा, एक्क्याण्णव. सात, एक्क्याण्णव. शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीला "ठीक". माझा जीव भांड्यात पडला. किती सुरेख अक्षर, एकही रेघ हललेली नाही. साडेसात, आठ, साडेआठ, नऊ, एक्क्याण्णव. साडेनऊ, एक्क्याण्णव. ठीक.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं.

नळी त्यांच्या गळ्यापाशी लोंबत होती. ओठ निळसर. मी चिमटा त्यांच्या बोटाला लावला, आकडा यायला जो काय वेळ लागला तो लागला, आणि अठ्ठ्याहत्तर आला. मी नळी लावली, त्यांना उचलून बसवलं, माझ्याच छातीशी टेकवलं, एका हातानं डॉक्टरांना फोन लावला. ते सांगत गेले तसं करत गेले. एक्क्याऐंशी. ऐंशी. त्र्याऐंशी. अण्णांचा हात थंड होता, तो मी माझ्या मानेला लावून धरला. फोन त्यांच्या उशाशीच होता, जिथं ठेवला होता तिथंच, हातसुद्धा न लावलेला. मी दार ओढून घेतलं त्या वेळी, हात चालत होते तोवर, त्यांनी सकाळभराच्या ओळी एका बैठकीत लिहून टाकल्या होत्या. माझे अण्णा. चौतीस वर्षांत एकही आकडा घरी बसून न लिहिलेले.

शहाऐंशीला त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे, मग घड्याळाकडे.

"किती?" त्यांनी विचारलं.

"चार पूर्णांक सहा."

ते हसले. खोकला आला, तो ओसरू दिला. मला ओरडायचं होतं त्यांच्यावर, चांगलं तोंड सोडायचं होतं. नुसतंच म्हटलं, "अण्णा, अहो, साडेनऊ अजून वाजायचे आहेत."

"तू साडेनऊ म्हणाली होतीस," ते म्हणाले, आणि डोळे पुन्हा मिटून घेतले. "घाईबाई."

डॉक्टर येतो म्हणाले होते. मी अण्णांना तशीच धरून बसले. खिडकीतून धुकं उठलेलं दिसत होतं, पाण्यावर ऊन आलं होतं, आणि मामांची नाव काठाला बांधलेली हलत होती. साडेनऊला मी चिमटा पुन्हा पाहिला. सत्त्याऐंशी. आमच्यात रीत अशी की चुकीची नोंद खोडायची नाही, तिच्यावर एक रेघ मारायची, शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. मी पेन उचललं. मग खाली ठेवून दिलं.